समोरच्या दारातले आदरणीय महोदय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक. त्यांच्या शेजारी बसलेले प्रकाशशास्त्र विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात म्हणून मीही म्हणते. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. ग्रंथालयातले माझे सहकारी. आणि वेळ पडली तर पटकन सटकता यावं अशा बेताने मागच्या दारापाशी बसलेल्या माझ्या संशोधक विद्यार्थ्यांनो,

निरोपाचं भाषण गोड असावं, असं मला घरून बजावून पाठवलंय. “आज तरी कोणावर डाफरू नकोस,” असं आमचे हे म्हणाले. ते तिसऱ्या रांगेत बसलेत. अहो, मी प्रयत्न करते. जमेलच असं नाही.

कारण आत्ताच संचालक साहेब माझं कौतुक करता करता म्हणाले, “आता सगळी माहिती इंटरनेटवर आहे, त्यामुळे काकूंच्या जागी कोणी नेमायची गरजच उरली नाही.” साहेब, कौतुकाबद्दल आभार. पण माहिती आहे, म्हणजे ती पोचली का? दुकानात तांदूळ आहे म्हणून कोणाच्या घरी भात शिजतो का?

मी इथे पुस्तकांवर शिक्के मारायला लागले. पुढे संगणक आला, त्याच्याशी भांडत भांडत मी तो शिकले. त्याने कधी तक्रार केली नाही, हा त्याचा मोठेपणा. दर सोमवारी मी या मुलांना मेल पाठवते. कुठे शिष्यवृत्ती निघाली, कुठल्या परिषदेला प्रवासखर्च मिळतो, कोणते जाणते संशोधक नवख्यांच्या शंकांना उत्तरं द्यायला तयार आहेत, सगळं त्यात असतं. जगभरच्या प्रकाशशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं एक मंडळ आहे. त्याची वर्गणी संस्था भरते, सभासद तुम्ही सगळे आहात. आता हात वर करा बघू, मागच्या सोमवारचा मेल कोणी उघडला?

बघा. आमच्या ह्यांनी केला वर. त्यांना लेझर कशाशी खातात ते ठाऊक नाही, पण त्यांना माझ्यासोबत घरी जायचंय.

असो. मला सांगायचंय ते एका मुलीबद्दल. तिची परवानगी घेतली आहे. म्हणजे, “काकू, प्लीज नको,” असं ती म्हणाली, पण हसत म्हणाली. तिच्या खोलीत तांबडा लेझर, म्हणून सगळे तिला तांबडी म्हणतात. समोरच्या खोलीत हिरवा लेझर, तिथला तो हिरव्या. दोन्ही दारांवर लाल दिवा आहे. तो लागला की आत लेझर चालू आहे, डोळे सांभाळा, आत येऊ नका, असा त्याचा अर्थ. पण आपल्याकडची रीत काय? लेझर बंद असला तरी दिवा चालूच ठेवायचा. का? कोणी आत येऊन डोकं खाऊ नये म्हणून! परिणाम असा, की समोरासमोर राहून ही दोघं एकमेकांच्या खोलीत कधी गेलीच नाहीत.

मध्यंतरी एका दुपारी तांबडी माझ्या टेबलावर पुस्तकांचा ढीग घेऊन आली.

“सगळी जमा करून घ्या, काकू. मी सोडतेय.”

“काय सोडतेयस?”

“सगळंच.”

तिच्या पडद्यावर प्रकाशाचे काळे-उजळ पट्टे उमटतात. ते स्थिर हवेत, तिचे थरथरायचे. तिने सगळी मांडणी उकलून पुन्हा पुन्हा बसवली. पट्टे थरथरायचे ते थरथरतच राहिले, आणि मोजमाप एकही हाती लागेना. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी एवढंच विचारलं, “कोणाला विचारलंस?” तर म्हणते, “कोणाला विचारू? माझी कुठे ओळख आहे?”

माझं टाळकंच सरकलं. “संगणक बंद आहे, पुस्तकं जमा होणार नाहीत,” अशी मी चक्क थाप मारली. आणि त्याच संगणकावर तिला बसवून मंडळाच्या चर्चापानावर प्रश्न लिहायला लावला. स्वतःच्या नावाने लिहायची लाज वाटली, म्हणून ‘भिंग’ या टोपणनावाने लिहिला.

लगेच दुसऱ्या दिवशी उत्तर. ‘ध्रुवतारा’ नावाच्या कोणी तरी लिहिलेलं. मग काय विचारता! ही लिहिणार ‘आदरणीय महोदय’, तिकडून येणार ‘आदरणीय भिंग’. ही मला सांगायची, “काकू, कोणी तरी वयस्कर प्राध्यापक असावेत. किती शांतपणे समजावतात!” महोदयांनी कळवलं, यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी टेबलाला टेकली असेल, तिची थरथर टेबलात उतरते, नळी दोरीने वर टांगा. सोबत आपल्या टेबलाचा फोटो पाठवला.

फोटो घेऊन ही धावत ग्रंथालयात. “काकू, ही मागची पाटी बघा!” भिंतीवर पाटी होती, ‘टेबलावर कप ठेवू नये, ठेवल्यास कप जप्त.’ अक्षर माझं, आणि ही पाटी मी हिरव्याच्याच खोलीसाठी रंगवली होती. आपल्या इथल्या सगळ्या पाट्या मीच रंगवते, तुम्हाला ठाऊक आहे.

हिरव्याला तिथल्या तिथे बोलावून घेतलं.

“तू ध्रुवतारा?”

“अगं, म्हणजे भिंग तू?”

“मी तुला महोदय म्हणत होते रे, गधड्या!”

“मला आवडत होतं. चालू ठेव ना.”

“आता फ्रीजमधलं माझं दही रोज कोण खातं तेही सांगून टाक, महोदय!”

तुम्ही हसताय. मला तेव्हा हसू नव्हतं आलं, आणि आजही येत नाही. त्याने स्वतःच्या खोलीतली नळी आधीच्याच वर्षी टांगली होती! बारा पावलं नाहीत मध्ये, आणि प्रश्न सातासमुद्रापार जाऊन परत आला. या पोरीची दोन सत्रं मातीत गेली. मंडळ नसतं तर ती केव्हाच घरी बसली असती. आणि मंडळ असूनही ती कोणाशी बोललीच नसती, तरीही घरीच बसली असती. माणसाने माणसाला विचारायचंच नाही, ही कसली विद्या?

नळी टांगली. पट्टे स्थिर झाले. पण परवा तिच्या कामाची तपासणी समिती बसते आहे, मोजमापं आत्ता कुठे सुरू झालीत, आणि नियमाप्रमाणे तिची नोंदणी रद्द होईल. म्हणून, सर, हा फुलांचा गुच्छ सुरेख आहे, भिंतीवरचं घड्याळही छान आहे. पण मला निरोपाची भेट दुसरी हवी. या मुलीला एक सत्र वाढवून द्या.

काय म्हणालात? नुसती मान हलवू नका, मागे दिसत नाही.

“संचालकांशी पत्रव्यवहार करून बघतो”? सर, ते तुमच्या शेजारी बसलेत. कोपर लागतंय तुमचं त्यांना. विचारा की!

थांबते मी. पाणी पिते तोवर.

...विचारलंत? हा घ्या माइक, तुमच्याच तोंडून ऐकू दे सगळ्यांना.

“दिलं.”

ऐकलंस ना, बाई? रडू नकोस, कामाला लाग.

समारंभ घडवून आणणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि इतका वेळ मला सोसणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. ज्यांचा उल्लेख राहिला असेल, त्यांनी ते पोटात घालावं. ज्यांना माझं बोलणं लागलं असेल, त्यांनी माफ करावं. आणि माफ करणं जमत नसेल तर घरी येऊन भांडावं. पण यावं.