मूळ कोरियनमधून

समारंभाच्या अध्यक्षमहोदया, व्यासपीठावर विराजमान असलेले आमच्या प्रकाशनगृहाचे मालक, प्रमुख पाहुणे प्राध्यापकमहाशय, संपादन, छपाई, बांधणी आणि वितरण विभागातले माझे सहकारी, पुढच्या रांगेत बसलेली माझी पत्नी, आणि दाराजवळच्या खुर्च्या हेरून बसलेल्या जाणत्या रसिकहो,

आत्ताच प्राध्यापकमहाशयांनी मानपत्र वाचून दाखवलं. त्यात माझा उल्लेख ‘बहुभाषाकोविद’ असा आहे, आणि ‘अकरा आशियाई भाषांना आपल्या भाषेशी जोडणारा सेतू’ असाही आहे. बहुभाषाकोविद ऐकल्यावर माझ्या पत्नीने पदर तोंडाला लावला, तो डोळे पुसण्यासाठी नव्हता. सेतूबद्दल मात्र माझी तक्रार नाही. पुलावरून लोक पलीकडे जातात, पूल बिचारा जागच्या जागी असतो. माझं तसंच झालं. एकोणीस कादंबऱ्या मी इंग्रजीवरून आपल्या भाषेत आणल्या. त्यांच्या मूळ भाषांपैकी प्रत्येकीत मला ‘धन्यवाद’ म्हणता येतं. दोन भाषांत ‘पाणी कुठे मिळेल’ हेही विचारता येतं, पण उत्तर आलं तर कळत नाही.

तरी ही पुस्तकं अंगाला लागली नाहीत असं म्हणू नका. जपानी कादंबरी चालू होती तेव्हा मी घरात इतकं कमी आणि इतकं सूचक बोलू लागलो की हिने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. इराणी कादंबरीच्या वेळी मी शिकलो की समोरच्याने आग्रह केला तर सभ्य माणूस आधी दोनदा-तीनदा नको म्हणतो, मग घेतो. आमच्या घरी पहिल्या नकोलाच ताट उचलतात. ती कादंबरी चारशे पानांची होती, माझं वजन पाच किलोंनी उतरलं. आणि आमचे लेखक? लेखक म्हणजे मलपृष्ठावरचा टपाल तिकिटाएवढा फोटो. या फोटोतल्या माणसांना मी वर्षानुवर्षं परिचयाचे समजत होतो. त्यांतलं कोणी एक दिवस पत्र लिहील, हे मात्र ध्यानीमनी नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही, यावर घरी बरीच चर्चा झाली. ‘निरोपाच्या दिवशी कशाला खाजवून खरूज काढता?’ असं हिचं म्हणणं पडलं. पण आज नाही तर कधी? उद्या मला माईक कोण देणार?

आठ वर्षांपूर्वी आपण एका कोरियन लेखिकाबाईंची कादंबरी काढली. एकाच घरातल्या दोन बायका, एक गरीब आणि एक हुशार, असं तिचं कथानक. आपल्या वाचकांनी ती डोक्यावर घेतली, त्या नणंद-भावजयीसाठी लोक रडले. वेष्टनाचा मजकूर छपाईला जाण्याआधी माझ्या टेबलावर आला, तेव्हा त्यात कोणीतरी उत्साहाने लिहून ठेवलं होतं, ‘मूळ कोरियनमधून अनुवाद’. शेजारी पेन्सिलीने एक बारीकसं प्रश्नचिन्ह होतं. ते आमच्या मुद्रितशोधकांचं. बत्तीस वर्षं ते आमच्या चुका काढताहेत, म्हणून त्यांना आम्ही प्रश्नचिन्हकाका म्हणतो. काका तिसऱ्या रांगेत बसले आहेत. काका, ते प्रश्नचिन्ह मी खोडरबराने पुसलं. तुम्हाला वाटलं असेल मी खातरजमा केली. मी फक्त ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि मला ते फार आवडलं.

लेखिकाबाईंना प्रती गेल्या, सोबतच्या पत्रात हेच वाक्य इंग्रजीत गेलं. सात महिन्यांनी त्यांचं उत्तर आलं. चार पानं, सुंदर हस्ताक्षर, सगळं कोरियन. साहजिकच आहे. ज्याने आपलं अख्खं पुस्तक मुळातून वाचलं त्याला बाई दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहितील?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक कोरियन दंतवैद्यबाई आहेत. त्यांच्याकडे जाऊन मी पत्र वाचून देण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "मला पेशंटच्या वेळातच वेळ असतो." म्हणजे काय करायचं ते मला कळलं. मी खुर्चीत, तोंड उघडं, आणि डॉक्टरीणबाई एका हाताने आरसा धरून दुसऱ्या हातातलं पत्र वाचताहेत, असा आमचा पत्रव्यवहार दोन वर्षं चालला. उत्तरही तिथेच सांगायचो. तोंडात कापसाचे बोळे असताना ‘आपल्या प्रतिभेला माझं विनम्र वंदन’ असं म्हणून बघा कधीतरी. त्या दोन वर्षांत माझ्या दोन दाढा गेल्या. त्यातली एक खरोखर किडलेली होती.

पहिल्याच पत्रात बाईंनी माझं वय विचारलं होतं. का, तर समोरचा मोठा की धाकटा ते कळल्याशिवाय त्याला काय म्हणून हाक मारायची ते ठरत नाही. मला वाटलं, अरे, ही तर आपलीच माणसं. या आनंदात मी वय तीन वर्षांनी कमी सांगितलं.

आणि मग पाच वर्षांपूर्वी एक पुडकं आलं. आत हाताने लिहिलेली एकशे चाळीस पानांची वही. सोबतचं पत्र मी नेहमीप्रमाणे खुर्चीत आडवा होऊन ऐकलं. बाईंनी लिहिलं होतं, "ही वही आमच्या घरात कोणी वाचता कामा नये, म्हणून माझ्या भाषेत ती मी छापणार नाही. तुमच्या भाषेत छापा, ती आमच्याकडे कुणाला येत नाही. तुम्ही एकट्याने वाचा. मूळ वही दुसऱ्या कोणाला दाखवू नका." डॉक्टरीणबाईंनी पत्राची घडी घातली, वही न उघडता माझ्या छातीवर ठेवली आणि म्हणाल्या, "आता मी तुमचे फक्त दात बघणार."

मित्रहो, एक्याऐंशी वर्षांच्या बाईने आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट माझ्या हवाली केली होती, आणि ती मला वाचता येत नव्हती. मी काय केलं? भल्या माणसाने लगेच खरं सांगितलं असतं. मी वही कपाटात ठेवली आणि तिच्यावर शब्दकोश ठेवला, म्हणजे दिसायला नको.

मग मी रविवारच्या कोरियन वर्गात नाव घातलं. तो वर्ग लहान मुलांचा आहे. बाक इतके बुटके की माझे गुडघे आणि माझी वही एकाच उंचीवर असायची. लिपी चार दिवसांत आली. भाषा अजून यायची आहे. पहिल्या परीक्षेत माझा नंबर शेवटून दुसरा आला. जी शेवटची आली ती गोवरामुळे गैरहजर होती.

अकरा महिन्यांनी मी बाईंना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. अकरा ओळी, त्यांना एकोणीस दिवस लागले. त्यात सगळं कबूल केलं, पुस्तक इंग्रजीवरून केलं हे, दंतवैद्यबाईंचं, आणि वयाची ती तीन वर्षंही. तीन महिने काहीच नाही. मग दोन वाक्यं आली. "वही परत पाठवा. वाचू नका."

मी पुडकं बांधायला घेतलं. आणि आता इथे अध्यक्षमहोदयांची क्षमा मागून सांगतो, बांधता बांधता मी पहिलं पान वाचलं. शब्दकोश घेऊन बसलो, आठ दिवस लागले. मला वाटलं, इतक्या मेहनतीने भाषा शिकलो, निदान कशाला मुकलो तेवढं तरी कळू दे. पहिल्या पानावर बाईंनी लिहिलं होतं की ज्या कादंबरीने माझं नाव झालं, तिच्यातली सगळी गोष्ट माझ्या धाकट्या जावेची आहे. भांडी घासताना ती रोज थोडी थोडी सांगायची आणि मी रोज खोलीत जाऊन लिहून काढायचे. पुस्तक निघालं, तिचं नाव त्यात कुठेच नव्हतं. तिने कधी विचारलं नाही, मी कधी काढलं नाही. आज एकाच घरात राहून आम्हाला पन्नास वर्षं झाली.

हे वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. त्या बाईंसाठी मारला असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे तो स्वतःसाठी होता. कादंबरीतल्या त्या दोघी जावा होत्या? इंग्रजीत नातं एकाच शब्दात उरकलेलं असतं, मेहुणी, वहिनी, नणंद, जाऊ, काय घ्यायचं ते घ्या. मी अंदाजाने नणंद घेतलं आणि दोनशे बारा पानं रेटून नेलं. आपले वाचक रडले ते माझ्या अंदाजावर रडले. ज्या घरात आपण पाहुण्याला सुद्धा मामा, काका, मावशी केल्याशिवाय पाणी देत नाही, तिथल्या माणसाने ही चूक करावी?

मी बाईंना पुन्हा लिहिलं. तुमची आज्ञा मोडून एक पान वाचलं, आणि तुमच्या जावेला मी नणंद करून ठेवलं आहे. त्यांचं उत्तर मला पाठ आहे. "मी तिचं नाव काढून टाकलं, तुम्ही तिचं नातंच काढून टाकलंत. आपण दोघांनी मिळून तिला घराबाहेर काढलं आहे. वही ठेवून घ्या. वाचा, अडलं तर विचारा."

तेव्हापासून मी वाचतो आहे. अडतं, विचारतो, उत्तर येतं. साडेतीन वर्षांत एकसष्ट पानं झाली. आमच्या मालकांनी या काळात दर बैठकीत विचारलं, ‘हल्ली काय नवीन?’, आणि मी दर वेळी विषय कागदाच्या दर्जाकडे नेला. मालक, तो कागद खरंच वाईट होता, पण मूळ मुद्दा हा होता.

या सोमवारी पत्र आलं. अक्षर वेगळं, मोठं, वाकडंतिकडं, माझ्यासारखंच. वरच्या ओळीत लिहिलं होतं, "मी धाकटी जाऊ." बाईंना आता दिसेनासं झालं आहे. माझं गेल्या वेळचं पत्र वाचून दाखवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी ते चार दिवस उशीखाली ठेवलं आणि पाचव्या दिवशी जावेच्या हातात दिलं. मग वहीचंही सांगून टाकलं. धाकट्या जाऊबाई लिहितात, "गोष्ट माझी आहे हे मला ठाऊकच होतं. ते त्यांनाही ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हतं. आता कुणालाही सांगायला हरकत नाही. पुस्तकाचा शेवट त्यांनी मनाने लिहिला, कारण तो मी त्यांना सांगितलाच नव्हता. शेवट सांगून टाकला की त्या खोलीत जाऊन लिहीत बसतील आणि मी एकटी भांडी घासत राहीन, असं वाटायचं. आता त्या माझ्या शेजारी बसल्या आहेत. त्यांना ऐकवत ऐकवत तो तुम्हाला लिहिते."

मालक, एकच मागणं आहे. त्या कादंबरीची नवी आवृत्ती काढा, नातं दुरुस्त करून, मुखपृष्ठावर दोघींची नावं घालून. माझं नाव आत कुठेतरी बारीक अक्षरात चालेल, आणि वेष्टनावर काय छापायचं ते काकांना विचारून छापू.

अध्यक्षमहोदया, आपण वेळ काढून आलात, प्राध्यापकमहाशयांनी माझ्याबद्दल इतकं चांगलं इतक्या गंभीर चेहऱ्याने वाचलं, सहकाऱ्यांनी मला इतकी वर्षं सांभाळून घेतलं, आणि घरच्या बाईने माझ्यातले सगळे देश सोसले, या सगळ्यांचा मी मनापासून ऋणी आहे. बोलताना कुणाचं नातं चुकलं असेल, मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. जेवणाला थांबत नाही याबद्दलही रागावू नका. धाकट्या जाऊबाईंचा शेवट नऊ पानांचा आहे, माझी दीड झाली आहेत, आणि तिकडे दोघी जणी मला कळलं का म्हणून वाट बघताहेत.