भिंतीपलीकडे जाणारी किंचाळी

हॅलोविनला कुठला सिनेमा बघावा, असं तुम्ही मला विचारताय, पण माझी कसोटी वेगळी आहे. माझी बायको सुमन गेल्यापासून घरात आवाज असा नसतोच. गेल्या वर्षी सोसायटीतली मुलं मुखवटे घालून चॉकलेटं मागून गेली, तेव्हा मलाही वाटलं, एखादा भुताचा सिनेमा लावावा. तो लावून चहा टाकायला उठलो, तोच सिनेमातली बाई किंचाळली आणि पाठोपाठ दारावर धडाधड थापा. उघडतो तर शेजारच्या म्हात्रेकाकू, हातात लाटणं. मूळच्या घणसोली गावच्या, आवाज खणखणीत.

"कोन बोंबलली रं? कोन हाय घरान?"

"टीव्ही आहे, काकू."

"मेल्या, माजा जीव उडाला ना!" म्हणत त्या आत आल्या आणि सोफ्यावर बसल्याच. "आता ती वाचते का मरते, ते बगूनच जाते."

सिनेमा संपेपर्यंत त्या भुताला शिव्या घालत होत्या. माझ्या चहालाही नावं ठेवली. इतकं बोलणं त्या खोलीत फार दिवसांनी झालं.

यंदाही सिनेमा शोधतोय. भूत कसंही चालेल, फक्त किंचाळी भिंतीपलीकडे पोचली पाहिजे.