खंडेनवमीला घासलेली लायसन-की

मी कॉलेज सोडलं तेव्हापासून चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या लेखी मी बिनकामाचा. आळे गावातल्या त्यांच्या डेअरीचा कॉम्प्युटर बसला, तर म्हणाले, "तुला जमायचं न्हाई. फाट्यावरनं माणूस बोलावतो."

"संध्याकाळचं दूध यायच्या आत चालू करतो," मीही ठणकावलं.

विंडोज नव्यानं टाकायला घेतलं, तर लायसन-की मागायला लागलं. ती कॉम्प्युटरच्या डब्यावरच्या स्टिकरवर असते. स्टिकर पांढराफटक!

"तात्या, हे काय?"

"दर खंडेनवमीला तारेच्या घासणीनं लख्ख करतो, मगच पूजा. तुमच्यासारखं न्हाई."

मी हट्टाला पेटलो. तात्यांच्या मोबाईलमधले पूजेचे फोटो मागं मागं नेले. पहिल्या वर्षीच्या फोटोत, डबा कोरा असताना, झेंडूच्या माळेशेजारी, अख्खी की! टाकली, कॉम्प्युटर चालू.

तात्या दूधवाल्यांना सांगतायत, "बघा राव, पूजेमुळं सापडली!"

म्हटलं, "तात्या, सापडली फोटोमुळं. पूजेमुळं तर हरवली व्हती."