प्रेमानंदचा फोन

वसमतच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या शीतलच्या पाठीमागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

"जनका, तुझी हळद रतनसिंगनंच तणनाशक मारून जाळली म्हणून तूच गावभर बोंबललीस ना?"

"बोंबलले, अक्का. बांधाला बांध त्याचा. तांड्यावरचा माणूस, दुसरं कोण करंल म्हनलं."

"मग आता काहून रडून राहिलीस?"

"काल माझा फवारणीचा पंप उघडला, तर तणनाशकाचा वास. त्या पंपात तणनाशक मी कधी घातलंच न्हाई. अन् पंपाच्या कोठीची किल्ली, हे वारल्यापासून, दोघांकडंच. मी अन् प्रेमानंद."

"सख्खा दीर तुझा! तुझ्या हातचं खाऊन वाढलेलं पोरगं!"

"म्हणून तर त्याच्याकडं कधी बघितलंच न्हाई."

"बोललीस त्याला?"

"न्हाई. पण पंप हुंगताना त्यानं बघितलं मला. रात्री सोताहून ताट वाढून आणलं."

"जेवलीस?"

"घास उतरंना, अक्का."

"चल माझ्यासंगं परभणीला."

"घर-वावर सोडून? तेच तर पाहिजे त्याला."

परभणीची गाडी लागली. अक्का डोळे पुसत चढली. गाडी हलली तशी मागं फोन वाजला.

"हां, प्रेमानंद... नको, घ्यायला येऊ नको. रतनसिंगभाऊ आलेत ना गाडी घेऊन. त्यांच्यासंगंच येऊन राहिले."

शीतलनं वळून बघितलं. बाकावर जनका एकटीच होती. तिनं दुसरा नंबर लावला.

"रतनसिंगभाऊ, मी जनका... फोन ठेवू नका, भाऊ."