आप्पांचं पाच तासांचं लंडन

हसू नका, पण आमच्या आप्पांच्या हिशेबानं लंडन मुंबईपेक्षा जवळ आहे. चूक माझीच.

दुष्काळाचं वर्ष होतं. उदगीरला आमच्या गल्लीत आठवड्यानं टँकर यायचा. त्यातच लंडनला ताईचं बाळंतपण आलं. अव्वा, म्हणजे आमची आई, जायला निघाली तर आप्पा अडून बसले. “लई लांब हाय. एवढ्या लांब एकटी कशी जाशील?”

मी त्यांच्यापुढं तिकीट धरलं. विमान मुंबईहून दुपारी एकला निघणार, लंडनला संध्याकाळी सहाला पोचणार. आप्पांनी बोटांवर तास मोजले.

“पाचच तास? मुंबईला जायला आपली सगळी रात्र रेल्वेत जाती की. जाऊ दे तिला.”

तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेचार तास मागं असतं, हे मी बोललोच नाही. अव्वाही मुकाट्यानं ताईसाठी शेंगदाण्याची चटणी भरत राहिली. पुढं कितीतरी दिवस आप्पा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, उदगीर नवा जिल्हा होणार या गप्पा थांबवून, लोकांना लंडन किती जवळ आहे ते सांगायचे.

पोचल्यावर अव्वाचा फोन आला. मी आधी माफी मागितली.

“साडेनऊ तास बसावं लागलं ना? मी घड्याळाचं सांगितलं नव्हतं.”

अव्वा हसली. “दर रविवारी ताईला फोन करते मी. आपलं दुपारचं जेवण होतं, तवा ती सकाळचा चहा पीत असती. एवढं कळत न्हाई व्हय मला? पण तुझ्या आप्पांना हे सांगू नको. नातवंडाचं तोंड बघायला त्यांना बी आणायचं हाय.”