लाल खड्याची पाठ

थोरली जाऊ: तेच तर सांगतेय मी! सासूबाईंनी आम्हा दोघींना सारख्या अंगठ्या दिल्या. हिचा खडा लखलखतो आणि माझा बघा, वाळक्या बोरासारखा मख्ख. बदलला हिनं!

धाकटी जाऊ: ताई, तुमची अंगठी मी एकदाच घातली, नणंदेच्या लग्नात.

थोरली: तेवढं पुरतं!

धाकटी: भरल्या मांडवात खडा उपटला मी? दातांनी?

थोरली: दात मजबूतच आहेत तुझे.

सराफ: अहो, दुकानात बाकीची गिऱ्हाइकं आहेत. द्या इकडे, भिंगातून बघतो.

थोरली: काच आहे ना? स्पष्ट सांगा. मी मन घट्ट करून आलेय.

सराफ: वहिनी, घरात स्वयंपाक तुम्ही करता?

थोरली: आता यात माझा स्वयंपाक कुठून आला? करते की. दोन्ही वेळची कणीक मीच मळते.

सराफ: अंगठी घालून?

थोरली: मग काय काढून ठेवू? ही घरात असताना?

(सराफ टाचणीनं खड्यामागचं काहीतरी कोरून काढतो.)

सराफ: ही घ्या तुमची कणीक. वाळून दगड झालीय. खडा अस्सल आहे हो! वरून शिरलेला उजेड खड्याच्या पाठीवर आपटून माघारी फिरतो, तेव्हा खडा चमकतो. तुम्ही पाठच लिंपून टाकलीत. उजेड बिचारा आत जातो आणि पिठात रुतून बसतो.

धाकटी: ऐकलंत? पीठ! आणि चोर मी! नणंदेच्या त्या लग्नापासून माझ्याशी धड बोलला नाहीत तुम्ही. जेवायला बसले की मला रडू यायचं.

थोरली: थांब जरा. अहो, मग हिच्या अंगठीत कणीक कशी नाही?

सराफ: ते मला नका विचारू.

थोरली: हिनं कधी मळलीच नाही म्हणून!

धाकटी: घ्या. सुटले म्हणेपर्यंत पुन्हा सापडले.

सराफ: हं, धुतली बघा. दिव्याखाली धरा.

थोरली: अगं बाई... केवढा लाल आहे हा! आणि मी तुला काय काय बोलले गं.

धाकटी: बोललात खरं. जाऊ दे. उद्यापासून कणीक मी मळेन.

थोरली: आणि अंगठी?

धाकटी: काढून तुमच्याच हातात देईन.

थोरली: दे. तुझं मळून होईपर्यंत मी दोन्ही घालून बसते.