सई कमी धावली

अरे, मशीनचं कौतुक मला नका सांगू! आमच्या मानक नगरच्या मुलींचा हॉकी संघ यंदा एआय कॅमेऱ्याने निवडला. माझी सई बचावाला खेळते, समोरचीचा पास आधीच ओळखून जागेवर उभी असते. मशीनने तिला शेवटचा नंबर दिला. का, तर ती सगळ्यांत कमी धावली.

मी निवड समितीच्या साहेबांना म्हटलं, "सर, बॉल ख़ुद उसके पास आता है, वो क्यों दौड़े?"

"मैडम, डेटा झूठ नहीं बोलता."

सई घरी बसली. धावणाऱ्या पोरी खेळल्या आणि सपाटून हरल्या. तरी साहेब खूश, "देखा? टीम कितना दौड़ी!"

धावणारच ना! दरवेळी आपल्याच गोलमधून बॉल काढून मैदानाच्या मध्यावर न्यायचा होता.